त्रेचाळीस खड्डे

फोटो एवढा मोठा करून आणला होता की त्यातल्या दादाचं नाक आत्याच्या पंजाएवढं झालं होतं. जेवणाच्या खोलीत, खिडकीला पाठ करून, एका तिवईवर तो उभा केलेला. हातात झारी, मान किंचित कललेली, नजर फुलांवर. ज्या माणसाने जन्मात स्वतःचा पाण्याचा पेला उठून भरून घेतला नाही, त्याच्या हातात झारी! आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. झारी होतीच.

दादाला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होत होतं. त्याच्या आठवणीसाठी मागच्या अंगणात ‘बाबांची बाग’ जशी होती तशी पुन्हा उभी करायची, असं मुलांनी ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे थोरल्याने ठरवलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. थोरला विमा कंपनीत मोठा अधिकारी. घरात साधा पंखा दुरुस्त करायचा असला तरी त्याला सभा भरवावी लागे. त्याची बायको शेजारी वही उघडून बसली होती आणि नवरा बोलेल ते लिहून घेत होती. धाकटी, म्हणजे दादाची मुलगी, शाळेत इतिहास शिकवायची. आत्या तिला मास्तरीणबाई म्हणायची आणि तिला ते कौतुकच वाटायचं. टेबलाच्या टोकाला वहिनी, दादाची बायको, मटार सोलत होती. तिने अजून एकदाही मान वर केली नव्हती.

आत्या दाराशी स्टुलावर. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेलेली. मध्ये न बोलता ऐकत राहायची तिला सवय होती. ऐकलेल्याबद्दल मत न बनवायची सवय मात्र कधीच लागली नाही.

“हे बघा,” बागेची आखणी करून देणाऱ्या बाई फोटोवर पेन्सिल टेकवत म्हणाल्या, “डेलियाच्या तीन रांगा. पुढे पेटुनिया. मागे गुलाब. त्या काळात, घरच्या माणसाने, कुणाच्या मदतीशिवाय इतकी नेटकी मांडणी करणं म्हणजे कमाल आहे. सगळी झाडं एका उंचीची, सगळी एकाच वेळी फुललेली! हे आम्हालाही साधत नाही.”

“बाबांची शिस्तच तशी होती,” थोरला म्हणाला.

“आणि ही बारीक नजर बघा.” पेन्सिल दुसऱ्या रांगेत खाली सरकली. तिथे मातीतून एक तांबूस कड अर्धगोल डोकावत होती. “प्रत्येक झाडाभोवती भाजलेल्या मातीची कड. किती सुंदर कल्पना! मी बऱ्याच ठिकाणी चौकशी केली, आता अशी कड तयार मिळत नाही. म्हणून खास करवून घेतल्या आहेत. त्रेचाळीस.”

आत्याला ठसका लागला. चहा नाकात गेला.

“सावकाश, आत्याबाई,” सूनबाई वहीतून वर न बघता म्हणाली.

कड म्हणे! ती कुंडी होती. कुंडीचा काठ. शनिवारी संध्याकाळी माती ओढताना तेवढी एक नीट झाकायची राहून गेली होती, आणि सेहेचाळीस वर्षांनी एक शिकलेली बाई तिला सुंदर कल्पना म्हणत होती.

या अंगणाचं या घराने काय काय नाही केलं! आधी तिथे आत्या आणि तिची आई मिळून भाजी लावायच्या. मांडवावर घेवडा, कडेने टोमॅटो, एका वाफ्यात मुळे. आई गेल्यावर आत्या एकटीच ते बघायची, सकाळी ड्यूटीला जायच्या आधी. मग दादा ऑफिसात जरा वर चढला आणि त्याला मुळ्यांची लाज वाटायला लागली. त्याचे मोठे साहेब बागेचे वेडे. म्हणून दुपारच्या डब्याच्या वेळी दादा आपल्या बागेच्या गोष्टी सांगू लागला. आज डेलियाला कळ्या आल्या, काल गुलाबाची छाटणी केली. दोन वर्षं हा माणूस ऑफिसात डेलिया फुलवत होता आणि घरी येऊन बहिणीने काढलेला घेवडा खात होता. शेवटी साहेबच म्हणाले, येत्या रविवारी येतो तुमची बाग बघायला. दादा त्या संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

नर्सरीतून त्रेचाळीस कुंड्या दोन दिवसांच्या बोलीवर आणल्या. खड्डे आत्याने खणले. शुक्रवार-शनिवार रजा टाकून. तिच्या वाफ्यांतून, फुलावर आलेला घेवडा मुळासकट उपटून. प्रत्येक खड्ड्यात कुंडी काठापर्यंत उतरवायची, वर माती ओढायची, पाणी शिंपडायचं. दादा खिडकीतून सांगत होता, जरा डावीकडे, जरा सरळ. साहेब रविवारी आले, वीस मिनिटं थांबले, खत कोणतं घालता असं त्यांनी विचारलं तेव्हा दादाने बहिणीकडे पाहिलं आणि ती म्हणाली, ‘शेणखत, आणि दादांचे कष्ट.’ साहेबांच्या ड्रायव्हरने फोटो काढला. सोमवारी कुंड्या हातगाडीवरून परत गेल्या आणि अंगणात त्रेचाळीस भोकं उरली. दादाला बढती मिळाली. आत्याने त्यानंतर त्या मातीत पुन्हा बी टाकलं नाही. तिला घेवड्याचं फार लागलं होतं. कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

पुढे तिथे पोरांचं बॅडमिंटन झालं. मग थोरल्याने गाडीसाठी सगळं सिमेंटने चोपडून टाकलं. मग गाडी पुढच्या बाजूला गेली आणि सूनबाईने सिमेंटवर प्लॅस्टिकचं गवत अंथरलं. त्यावर ती दर शनिवारी धूळ ओढायचं यंत्र फिरवायची. प्रत्येकाला आधीच्याचं केलेलं म्हणजे गावंढळपणा वाटायचा आणि आपलं म्हणजे सुधारणा.

“आता हा नकाशा,” आखणीवाल्या बाईंनी टेबलावर मोठा कागद पसरला. वहिनीने मटाराचं ताट जरा मागे घेतलं. “फोटोप्रमाणे तंतोतंत. हा प्रवेश, ह्या रांगा, आणि इथे शेवटी बसायची जागा. चार दगडी बाकं आणि पक्ष्यांना पाणी प्यायला एक उथळ भांडं.”

आत्या स्टुलावरून उठली, टेबलाशी आली, कागदावर वाकली. खिडकी कुठे, नळ कुठे, आंघोळीची मोरी कुठे, बोटाने एकेक जुळवत गेली. बोट चार बाकांवर येऊन थांबलं.

“इथे माझी खोली आहे,” ती म्हणाली.

सूनबाईने पेनाचं टोपण लावलं.

“नकाशात नाहीये ती,” आत्या म्हणाली.

थोरल्याने घसा साफ केला. “आत्या, त्याबद्दल आम्ही तुझ्याशी बोलणारच होतो.”

“कधी? पक्षी पाणी प्यायला आल्यावर?”

“तसं नाही गं. पण मूळ बागेत खोली नव्हतीच. फोटोत बघ ना. खोली बाबांनी नंतर बांधली. आणि आता ती गळते, भिंतीला ओल येते, तुझे गुडघे असे...”

“गुडघे माझे आहेत. खोलीचा आणि त्यांचा काय संबंध?”

“आत्या, ऐक तर,” मास्तरीणबाई पुढे सरकली. वर्गातल्या ढ मुलीशी बोलावं तसा तिचा आवाज मऊ झाला. “शहराबाहेर एक छान जागा आहे. मी जाऊन बघून आलेय. तुझ्या वयाची माणसं, वाचनालय, डॉक्टर दारात. बागही आहे तिथे.”

“अगंबाई, बागही आहे! म्हणजे इथली बाग करायला मला तिथल्या बागेत ठेवणार.”

“तू प्रत्येक गोष्ट वाकडी का घेतेस?” थोरला चिडला. “बाबांसाठी एक गोष्ट करतोय आम्ही. एक! त्या माणसाने स्वतःच्या हातांनी ती बाग फुलवली. मला अजून डोळ्यांसमोर दिसतंय, बाबा खुरपं घेऊन उकिडवे बसलेत आणि मी शेजारी...”

“तू शेजारी बसून माती खात होतास,” आत्या म्हणाली. “चार वर्षांचा होतास. तोंडात बोट घालून मी ती काढली. आणि खुरपं माझ्या हातात होतं.”

लग्न मोडून परत आल्यापासून पन्नास वर्षं ती या घरात जीभ आवरून राहिली होती. म्हणजे बाकीच्यांवर ती सैल सोडायची, पण दादावर कधी नाही. भाऊ होता. मागची खोली त्याने बांधून दिली, आणि ती त्रेचाळीस खड्ड्यांची परतफेड आहे हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. आता तीच खोली त्याच बागेसाठी पाडायची निघाली होती. मग मात्र तिने जीभ मोकळी सोडली.

सगळं सांगितलं. डब्याच्या वेळी फुललेले डेलिया, साहेब, नर्सरी, हातगाडी. “ही जी कड तुम्ही खास करवून घेतलीत ना बाई, तो कुंडीचा काठ आहे. झाडं एका उंचीची आहेत कारण ती दुकानातून आणलीत. एकाच वेळी फुललीत कारण फुललेलीच निवडून घेतली होती. दोन दिवसांची बाग. तिच्यासाठी तुम्ही मला घराबाहेर काढताय.”

आखणीवाल्या बाईंनी फोटोकडे पाहिलं, मग स्वतःच्या पेन्सिलीकडे. थोरल्याचे कान लाल झाले होते.

“छान,” तो म्हणाला. “बाबा उत्तर द्यायला नाहीत म्हटल्यावर आता काहीही सांग.”

“खोलीसाठी इतकं, आत्या?” मास्तरीणबाईचे डोळे भरून आले. “आमच्या बाबांना खोटं पाडायचं?”

“इतिहास शिकवतेस ना? मग फोटोची मागची बाजू बघ. नर्सरीची पावती मीच तिथे चिकटवून ठेवली होती, तिचा डिंक असेल अजून.”

“मूळ फोटो मी फ्रेम करायला दिलाय,” सूनबाई घाईघाईने म्हणाली. “आणि आईंना विचारा ना. त्या होत्या की तेव्हा.”

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीने हातातली शेंग उघडली, दाणे ताटात पाडले, टरफल बाजूला ठेवलं. आत्याला वाटलं, आता ही सांगेल. कुंड्या उचलायला हिनेही हात लावला होता. हिच्या बोटाला काटा लागून पू झाला होता.

“त्यांनीच लावली होती,” वहिनी म्हणाली. “पहाटे उठायचे.”

आत्या हसली. दादा पहाटे उठायचा म्हणे! नऊशिवाय त्याला सूर्य ठाऊक नव्हता.

ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि प्लॅस्टिकच्या गवतावरून आपल्या खोलीत गेली. दहा बाय दहा, एक खिडकी, एक खाट, एक्स्चेंजमधून निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ. ती खाटेवर बसली. तिला भीती वाटत होती. शहराबाहेरच्या त्या छान जागेची, चौघींत एक कपाट वाटून घेण्याची, अनोळखी बायकांना पहिल्यापासून सगळं सांगत बसण्याची. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती पहिल्यांदा इतकी घाबरली होती आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

दार वाजलं नाही, सरळ उघडलं. वहिनी आत आली आणि खुर्चीवर बसली. खोली बांधल्यापासून ती इथे चारदा आली असेल.

“वन्सं, रागावलात?”

“छे गं. आनंदाने टाळ्या वाजवत होते.”

“ओल खरंच आली आहे हो भिंतीला.”

“काय बोलायला आली आहेस ते बोल, वहिनी.”

वहिनीने अंगातल्या गाउनचं टोक उगीचच बोटाभोवती गुंडाळलं. “मी त्या माणसाबरोबर बावन्न वर्षं काढली. ऑफिसात पुढेपुढे केलं, घरात आरडाओरडा केला. शेवटची दोन वर्षं तर मला नावानेही ओळखत नव्हते, कामवाली समजून हाका मारायचे. पोरांना बापाबद्दल चांगलं सांगण्यासारखं माझ्याकडे काय आहे, सांगा? एवढी एक बाग आहे. तीही तुम्ही माझ्याकडून काढून घेतलीत तर मी त्यांना काय सांगू?”

“खरं सांग.”

“खरं तुम्हाला परवडतं. तुमचा तो भाऊ होता. मी त्याच्याशी लग्न केलं होतं.”

या बाईशी तिचं कधी पटलं नव्हतं. मिठाच्या बरणीवरून, वर्तमानपत्रावरून, पोरं कुणाच्या वळणावर गेली यावरून दोघींचं आयुष्यभर वाजलं. पण वहिनीला इतकं लांब वाक्य बोलताना तिने आज पहिल्यांदा ऐकलं.

“घर माझ्या नावावर आहे,” वहिनी म्हणाली. “माझ्या सहीशिवाय इथली एक वीट हलणार नाही. तुमची खोली राहील. मी असेपर्यंत आणि तुम्ही असेपर्यंत. तसं लिहूनही देते. बाकं दुसरीकडे ठेवतील.”

“मग हे मघाशी का नाही बोललीस?”

“तुम्ही कधी माझ्याकडे काही मागितलंत? जन्मभर दादा-दादा केलंत.” वहिनी उठली. “आत चला आणि सांगा, रागाच्या भरात बोलले म्हणून. आणि बाग कशी लावली ते त्या बाईंना नीट सांगा. तपशील तुम्हालाच माहीत आहेत.”

“म्हणजे खोट्यावर वर मीठ-मसालाही मीच घालायचा.”

“तुमच्यासारखं मला सांगता येत नाही,” वहिनी म्हणाली, आणि ते खरं होतं.

दोघी पुन्हा जेवणाच्या खोलीत आल्या तेव्हा थोरला येरझारा घालत होता. वहिनीने आपल्या जागी बसून मटाराचं ताट पुढे ओढलं आणि खोली पाडायची नाही, असं तीन शब्दांत सांगून टाकलं. थोरल्याने तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि मिटलं. सूनबाईने वहीतली एक ओळ खोडली. आखणीवाल्या बाई म्हणाल्या, खोलीला हिरवा रंग दिला तर ती फारशी दिसणारही नाही. आत्याने तेही ऐकून घेतलं.

मग ती फोटोसमोर उभी राहिली.

“मघाशी मी काहीतरी बरळले,” ती म्हणाली. “डोकं फिरलं होतं माझं. दादानेच केली ही बाग.”

“मला माहीत होतं,” मास्तरीणबाईने तिचा हात धरला.

“जमीन आधी अशी दगडासारखी. आदल्या रात्री पाणी सोडून ठेवायचा, मग सकाळी पहार लागायची. वीतभर खाली गेलं की काळी माती. प्रत्येक खड्डा कोपरापर्यंत खोल, कमी नाही, जास्त नाही. मुठीने मोजायचा. ढेकळं हाताने फोडायचा, खुरप्याने फोडली की गांडुळं मरतात म्हणून. तिसऱ्या रांगेपर्यंत तळहाताला फोड आले. चिंध्या बांधल्या आणि पुढे खणत राहिला. पाठ सरळ होईना. तरी दर थोड्या वेळाने उठून लांबून बघायचा, रांग सरळ आहे ना. घाईत उपटावं लागलं तिथलं काहीबाही, त्याचं वाईट वाटलं त्याला. बोलला नाही कुणाला. पण वाटलं.”

आखणीवाल्या बाई भराभर लिहून घेत होत्या. थोरल्याने खिडकीकडे तोंड फिरवलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. बापासाठी तो पहिल्यांदाच रडत होता बहुतेक. जाऊ दे, आत्याने मनात म्हटलं, रडू दे, याला तरी कुणीतरी बाप मिळाला.

“हे सगळं तुला इतकं कसं आठवतं गं?” मास्तरीणबाईने डोळे पुसले. “आणि आत्या, तू? तू नाही का कधी काही लावलंस मागे अंगणात?”

वहिनीचे हात ताटात थांबले.

“मी?” आत्या म्हणाली. “मला कुठे वेळ होता. माझी ड्यूटी असायची.”